डिझेल गाडीचं प्रेशर नेमकं कुठे मरतंय? टाकीपासून रेलपर्यंतचा शोध

ओंकारेश्वरहून इंदूरला परतताना भेरूघाटाच्या तिसऱ्या वळणावर आमच्या गाडीने पहिल्यांदा मान टाकली. मागे आई, डिकीत नर्मदेच्या पाण्याचे दोन कॅन, तिसरा गिअर, पाय पूर्ण दाबलेला, आणि इंजिनचा दम एकदम गेला. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी कडेला घेतली, चावी बंद केली, पाच मिनिटांनी पुन्हा लावली, तर जणू काही झालंच नाही अशी चालायला लागली. सिमरोल आलं, इंदूर आलं, तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकमान्य नगरातून निघताना मात्र सेल्फ नेहमीपेक्षा चार-पाच सेकंद जास्त मारावा लागला.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. पी ००८७ हा कोड निघाला आणि निकाल लागला: "भिया, इंजेक्टर गए." एक इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) तपासणीच्या लॅबमध्ये जाऊन आला, माझे चौदा हजार गेले, आणि पुढच्या खेपेला घाटात पुन्हा तेच. तेव्हा ठरवलं की आता पान्याला हात लावण्याआधी मोजायचं. पुढे लिहिलंय ते त्या दोन महिन्यांत केलेलं, आणि नंतर शेजारीपाजारी तीन-चार गाड्यांवर वापरलेलं.

पी ००८७ चा अर्थ एवढाच की इंजिनच्या कॉम्प्युटरने रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत, जेवढं प्रेशर मागितलं तेवढं त्याला मिळालं नाही. का मिळालं नाही, हे कोड सांगत नाही. टाकीतली जाळी तुंबली तरी हाच कोड येतो, फिल्टर तुंबला तरी, नळीने हवा ओढली तरी, पंप झिजला तरी, इंजेक्टर मागे गळत असला तरी, आणि सेन्सर खोटं बोलत असला तरीही.

आधी रस्ता समजून घ्या

कॉमन रेल गाडीत डिझेलचे दोन प्रदेश असतात. पहिला कमी प्रेशरचा: टाकी, जाळी, नळी, फिल्टर आणि हाय प्रेशर पंपाचं तोंड. दुसरा जास्त प्रेशरचा: पंप, रेल, रेलवरचा सेन्सर, जादा प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह, इंजेक्टर. इंजेक्टरमधून आणि पंपातून उरलेलं डिझेल रिटर्न नळीने परत टाकीत जातं.

आकडे डोळ्यांसमोर ठेवा. टायरमध्ये साधारण २.२ बार हवा असते. गाडी आयडलला उभी असताना रेलमध्ये २५० ते ३५० बार असतात. १६०० बारच्या सिस्टिममध्ये चढावर पूर्ण पाय दाबला की आकडा त्या कमाल मर्यादेच्या जवळ जातो, म्हणजे टायरच्या सातशे पट. गाडी सुरू व्हायलाही सेल्फ मारताना साधारण १५० ते २५० बार तयार व्हावे लागतात. त्याआधी कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतच नाही.

कमी प्रेशरची बाजूही दोन प्रकारची असते, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. काही गाड्यांत टाकीत इलेक्ट्रिक पंप असतो, तो डिझेल पुढे ढकलतो. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन सेकंद घूंऽऽ असा आवाज येतो तो हाच. काही गाड्यांत तो पंप नसतो. बोनेटमधला हाय प्रेशर पंपच आपल्या पोटातल्या छोट्या पंपाने टाकीपासून डिझेल ओढून घेतो. अशा गाड्यांत फिल्टरजवळ बहुधा हाताने दाबायचा प्राइमर (नळीत डिझेल भरून हवा काढायचा छोटा पंप) असतो. ढकलणाऱ्या सिस्टिममध्ये नळी फुटली तर डिझेल बाहेर ठिबकतं, वास येतो, जमिनीवर डाग पडतो. ओढणाऱ्या सिस्टिममध्ये काहीच बाहेर येत नाही. उलट बाहेरची हवा आत जाते. सगळं कोरडं ठणठणीत दिसतं आणि गाडी मात्र अडून बसते. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे कळल्याशिवाय पुढची एकही चाचणी करू नका.

जिवाची काळजी

जुन्या जीपवर आणि ट्रॅक्टरवर हात बसलेले मिस्त्री इंजिन चालू ठेवून इंजेक्टरच्या नळीचा नट ढिला करून कुठला सिलिंडर मिसिंग आहे ते बघायचे. कॉमन रेलवर हे कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून करायचं नाही. या प्रेशरची बारीक धार कातडी भेदून थेट आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आणि काही तासांत हात सुजून शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते. असं झालं तर मलम लावत बसायचं नाही, तडक मोठ्या हॉस्पिटलात जायचं आणि हाय प्रेशरचं डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं.

गळती शोधताना बोटाऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा वापरा. हाय प्रेशरच्या नळीला पाना लावायचाच झाला तर इंजिन बंद करून किमान दहा मिनिटं थांबा आणि स्कॅनरवर रेलचा आकडा शून्याजवळ आलेला बघा. चालू इंजिनवर इंजेक्टरचं कनेक्टर ओढू नका. काही इंजेक्टरना शंभर व्होल्टहून जास्त दाब दिलेला असतो.

आणि स्वच्छता. या पंपातल्या आणि इंजेक्टरमधल्या फटी दोन-तीन मायक्रॉनच्या असतात, आपला केस सत्तरेक मायक्रॉनचा. उन्हाळ्यात माळव्याची धूळ उडत असताना उघड्यावर नळ्या सोडवायच्या असतील तर आधी ब्रशने जागा धुवा, उघडलेलं प्रत्येक तोंड स्वच्छ टोपणाने बंद करा. कापसाचे बोळे तोंडात खुपसू नका, त्यांचे धागे आत जातात.

पहिली पायरी: बॅटरी आणि आठवण

हसू नका, पण आधी बॅटरी. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊ-दहाच्या खाली जात असेल तर इंजिन हळू फिरतं, पंपही हळू फिरतो आणि रेलमध्ये प्रेशर चढतच नाही. स्कॅनरवर सेल्फच्या वेळचे आरपीएम दोनशेच्या आसपास किंवा वर दिसायला हवेत.

मग वहीत लिहा: तक्रार कधीपासून आहे? त्याच्या आधी गाडीला काय केलं होतं? फिल्टर बदलला होता? टाकी रिकामी होईपर्यंत चालवली होती? कुठल्या अनोळखी पंपावर भरलं होतं? मी हे शेवटी लिहिलं आणि त्याची शिक्षा भोगली.

गाडी कधी त्रास देते यावरूनही दिशा मिळते. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीच सेल्फ लांबतो आणि दिवसभर ठीक चालते, तर नळीतलं डिझेल रात्रीतून मागे टाकीत उतरतंय, म्हणजे कुठेतरी हवा शिरतेय असा संशय घ्या. याउलट सकाळी चट्‌कन सुरू होते, पण मे महिन्यात दुपारी गरम इंजिनवर पंधरा मिनिटं थांबून पुन्हा लावली की नाटकं करते, तर पंप किंवा इंजेक्टर झिजलेले असण्याची शक्यता जास्त. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटींतून जास्त निसटतं. फक्त चढावर किंवा ओव्हरटेकला मरते, तर डिझेलचा पुरवठा अपुरा पडतोय. आयडलला लागतं थोडं, घाटात लागतं भरपूर.

दुसरी पायरी: स्कॅनरवर कोड नाही, आकडे बघा

ईएलएम ३२७ जातीचा साधा ब्लूटूथ डोंगल आणि फोनवरचं ॲप एवढ्यावर बरंच काम होतं. ॲपमध्ये रेल प्रेशर बऱ्याचदा किलोपास्कलमध्ये दिसतं. त्याला शंभराने भागलं की बार. ३०,००० दिसलं म्हणजे ३०० बार. कॉम्प्युटरने मागितलेला आकडा साध्या ॲपमध्ये बहुधा दिसत नाही, त्यासाठी त्या कंपनीच्या गाड्यांचं खास ॲप किंवा गॅरेजचा चांगला स्कॅनर लागतो. मागितलेला आणि मिळालेला हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी हवेतच.

सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, फक्त चावी ऑन करून रेलचा आकडा बघा. रात्रभर उभ्या गाडीत तो शून्याजवळ असायला हवा. सत्तर-ऐंशी बार दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय. मल्टिमीटर असेल तर सेन्सरच्या तीन तारांपैकी एकीवर ५ व्होल्ट, एक अर्थिंग, आणि तिसऱ्या सिग्नलच्या तारेवर या वेळी साधारण अर्धा व्होल्ट मिळतो. ही दोन मिनिटांची चाचणी आहे आणि ती न करता लोक पंप उतरवतात.

मग इंजिन गरम करून आयडलचे आकडे बघा. मागितलेला आणि मिळालेला यांत दहा-वीस बारचा खेळ चालतो. आकडा सतत पन्नासने वर-खाली होत असेल तर हवा किंवा अडकणारा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल सोडायचं ते ठरवणारा).

खरी परीक्षा रस्त्यावर. मी सकाळी सहाला बायपासवर जायचो, शेजारी मुलगा फोन धरून. तिसरा गिअर, १५०० आरपीएम, मग पाय पूर्ण दाबून ३५०० पर्यंत. ॲपला रेकॉर्डिंग करायला लावा. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. मागितलेला आकडा बाराशे-चौदाशेवर गेला आणि मिळालेलाही पाठोपाठ गेला तर प्रेशर ठीक आहे. तरीही गाडीत दम नसेल तर टर्बोचा पाइप, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह), एअर फिल्टर तिकडे वळा. डिझेलच्या मागे लागू नका. मिळालेला आकडा हजारावर अडकून मागितलेला वर जात राहिला तर दोष आपल्या हातात सापडला. माझ्या गाडीत १४५० मागितले तेव्हा ११०० मिळत होते, आणि मिळालेल्याची रेघ करवतीच्या दातांसारखी. हे दात नंतर महत्त्वाचे ठरले.

तिसरी पायरी: कमी प्रेशरची बाजू, इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या

पहिल्यांदा टाकीचं झाकण. लांब चालवल्यानंतर ते उघडताना जोरात फुस्स आवाज येऊन हवा आत गेली तर टाकीचा श्वास कोंडलाय. झाकण ढिलं ठेवून एक चक्कर मारा. तक्रार गेली तर उत्तर मिळालं.

मग फिल्टर. खालच्या स्क्रूमधून काचेच्या स्वच्छ बाटलीत पाव लिटर काढा आणि अर्धा तास ठेवा. पाणी खाली बसतं, मध्ये स्पष्ट रेघ दिसते. पावसाळ्यात हे हमखास करावं. जुना फिल्टर काढलात तर आतलं डिझेल स्टीलच्या परातीत ओतून उन्हात तिरकं धरून बघा. काळपट गाळ ही फिल्टरची रोजची कमाई. पण सोनेरी-चंदेरी चमक, देवाच्या रांगोळीत घालतात तशी, दिसली तर तिथेच थांबा. पंप आतून खरवडला जातोय आणि त्याचा कीस रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये पोचतोय. लोहचुंबक फिरवून खात्री करता येते, पण ॲल्युमिनियमचा कीस चुंबकाला चिकटत नाही हे लक्षात ठेवा. अशा गाडीचा नुसता पंप बदलून भागत नाही. टाकीपासून सगळी लाइन धुवावी लागते, नाहीतर नवा पंपही त्याच वाटेने जातो.

आता इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेली पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी, आतला व्यास मूळ नळीएवढा. ती फिल्टर आणि हाय प्रेशर पंप यांच्यामध्ये तात्पुरती बसवा, दोन्ही टोकांना क्लिपा घट्ट. प्राइम करून इंजिन सुरू करा. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं बुडबुडे येणारच, ती हवा तुम्हीच घातलेली असते. नंतर डिझेल काचेसारखं स्वच्छ वाहायला हवं. एखादा बारीक मणी अधूनमधून गेला तर सोडून द्या. सतत रांग लागली, किंवा रेस दिल्यावर फेस आला, तर मागे कुठेतरी हवा शिरतेय.

ओढणाऱ्या सिस्टिममध्ये याच जागी टी-जोड लावून व्हॅक्यूम गेज जोडा. आकडा गाडीगणिक बदलतो, पण साधारण ०.२ बारच्या आसपासची ओढ निरोगी समजा. रेस दिल्यावर ०.५ च्या पुढे गेली तर पंप तहानलेला आहे. गंमत आहे ती नळी आणि गेज एकत्र वाचण्यात. ओढ जास्त आणि बुडबुडे नाहीत: फिल्टर, जाळी किंवा चेपलेली नळी तुंबलीय. ओढ कमी आणि बुडबुडे भरपूर: हवा शिरतेय. ढकलणाऱ्या सिस्टिममध्ये प्रेशर गेज लावा. पुष्कळ गाड्यांत ३ ते ६ बार मिळतात, नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. तिथे चावी ऑन केल्यावर आवाजच आला नाही तर आधी फ्यूज आणि रिले बघा, मग पंपाला शिव्या द्या.

हवा कुठून शिरतेय हे शोधायला कॅनची युक्ती वापरा. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्या, बोनेटजवळ पण सायलेन्सरच्या गरम पाइपापासून दूर, घट्ट बांधून ठेवा, आणि टाकीकडून येणारी नळी काढून फिल्टरला थेट कॅनमधून डिझेल द्या. बुडबुडे गेले तर दोष फिल्टरच्या मागे, टाकीच्या बाजूला. तसेच राहिले तर फिल्टरमध्ये किंवा तिथून पंपापर्यंतच्या जोडांत. अर्धी गाडी एका झटक्यात संशयातून मोकळी होते.

माझ्या गाडीत कॅन लावूनही बुडबुडे तसेच होते. मग फिल्टरच्या एकेका जोडावर ग्रीसचा जाड थर लावत गेलो. तळाशी डिझेलमधलं पाणी ओळखणारा सेन्सर बसतो तिथे ग्रीस लावलं आणि नळीतली मण्यांची रांग एका मिनिटात थांबली. सेन्सर खोलला. ओ-रिंग, म्हणजे जोड बंद करणारी रबरी कडी, एका बाजूला चिमटून चपटी झालेली, जणू कुणी दाताने दाबलीय. भेरूघाटाच्या तीन आठवडे आधी फिल्टर बदलला होता. बसवणाऱ्याने जुनीच ओ-रिंग कोरडी बसवून सेन्सर जोर लावून आवळला होता. नवीन ओ-रिंग तीस रुपयांची. करवतीचे दात म्हणजे ही हवा होती: डिझेल दबत नाही, हवा दबते, म्हणून पंपाच्या प्रत्येक घोटाला प्रेशर वेगळं.

चौथी पायरी: इंजेक्टरचा रिटर्न

कमी प्रेशरची बाजू निर्दोष ठरल्यावरच इकडे या. प्रत्येक इंजेक्टर थोडं डिझेल मागे सोडतोच. झिजलेला जास्त सोडतो. चार सारख्या लहान बाटल्या, चार सारख्या लांबीच्या नळ्या. इंजेक्टरवरच्या रिटर्नच्या क्लिपा काढून तिथे या नळ्या लावा आणि टाकीकडे जाणाऱ्या मोकळ्या रिटर्न नळीचं तोंड बूच लावून बंद करा, नाहीतर पंपाच्या रिटर्नचं डिझेल गरम इंजिनवर उडेल. पिझो इंजेक्टर असतील तर हे घरी करू नका. त्यांच्या रिटर्नमध्ये ठराविक दाब राखलेला असावा लागतो आणि तो गेला की इंजिन चालणारच नाही.

इंजिन गरम असू द्या. तीन मिनिटं आयडल, मग एक मिनिट २००० आरपीएम. बाटल्या ओळीने ठेवून फोटो काढा. तीन बाटल्यांत वीसेक मिली आणि चौथीत साठ, तर चौथा दोषी. गाडी सुरूच होत नसेल तर दहा सेकंद सेल्फ मारून बघा. निरोगी इंजेक्टर एवढ्यात जेमतेम काही थेंब देतो. एक फसवणूक मात्र ध्यानात असू द्या: चारही बाटल्या सारख्या भरल्या म्हणजे चारही चांगले असं नाही, चारही सारखेच झिजलेले असू शकतात. अडीच लाख किलोमीटर झालेल्या गाडीत मी हेच बघितलंय.

माझ्या चौदा हजारांबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर लॅबच्या कागदावर त्या इंजेक्टरचा रिटर्न खरोखरच जास्त होता. काम खोटं नव्हतं. घाटातला दोष तो नव्हता, एवढंच.

पाचवी पायरी: पंप, व्हॉल्व्ह आणि लॅब

रेलच्या टोकाला जादा प्रेशर सोडणारा यांत्रिक व्हॉल्व्ह असेल तर त्याची रिटर्न नळी काढून बाटलीत सोडा. सेल्फ मारताना किंवा आयडलला त्यातून थेंबही यायला नको. आला तर तो गळतोय. विजेवर चालणारा कंट्रोल व्हॉल्व्ह असेल तर थोडं डिझेल येणं साहजिक आहे, तिथे हा नियम लावू नका.

एवढं सगळं निर्दोष निघालं आणि तरी प्रेशर चढत नसेल, तेव्हा पंप आणि त्याच्यावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह. रेलची तोंडं खास टोपणांनी एकेक करून बंद करत प्रेशर बघण्याची चाचणी लॅबवाले करतात. ती त्यांच्याकडेच करून घ्या. बाजारातली कुठलीही टोपणं तिथे चालत नाहीत. इंदूरच्या देवास नाक्याकडे ट्रकच्या कामामुळे पंप-नोझलवाल्यांचा हात चांगला बसलेला आहे, पण आपल्या गाडीचा पंप तपासायचं टेस्ट बेंच आहे का आणि आधी-नंतरचे छापील आकडे मिळतील का, हे जाण्याआधीच विचारा. इंजेक्टर बदलला तर त्याच्या डोक्यावरचा कोड कॉम्प्युटरमध्ये भरायचा असतो आणि खालचा तांब्याचा वॉशर नवाच लागतो. दोन्ही झालं का ते समोर उभं राहून बघा.

काम झाल्यावर

नवी ओ-रिंग डिझेलमध्ये बुडवून बसवा. फिल्टरच्या स्वच्छ बाजूला बाटलीने डिझेल ओतू नका, ते गाळलेलं नसतं. प्राइमर कडक होईपर्यंत दाबा किंवा चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ करा. हवा अडकलेली असताना सेल्फ लांबच लांब मारत बसलात तर पंप कोरडा फिरतो. दहा सेकंद सेल्फ, अर्धा मिनिट विश्रांती. तात्पुरती पारदर्शक नळी काढून मूळची लावा, ती बोनेटच्या उष्णतेत कायमची टिकत नाही. कोड पुसा, पण आधी त्याचा फोटो काढून ठेवा.

मग पुन्हा तोच रस्ता, तोच गिअर, तेवढंच वजन. मी आईला घेऊन बडवाहपर्यंत उतरलो आणि परत चढलो. तिसऱ्या वळणावर मुलगा मागून आकडे वाचत होता: मागितले १४६०, मिळाले १४५०. आई म्हणाली, "आता हे वाचन बंद करा आणि सिमरोलला चहाला थांबा." तिथे बोनेट उघडून सेन्सरभोवती पांढरा कागद फिरवला. कोरडा होता. ओढणाऱ्या सिस्टिममध्ये कोरड्या कागदाने काही सिद्ध होत नाही, म्हणून दुसऱ्या सकाळचा सेल्फ मोजला: दीड सेकंद.